वादळातली पंधरा मुलं

गेल्या वर्षी मार्चमध्ये सहावीच्या वर्गाला ज्यूल व्हर्नची १८८८ सालची 'दोन वर्षांची सुट्टी' ही कादंबरी सांगायला घेतली. ऑकलंडच्या बंदरातून रात्री सुटून गेलेलं जहाज, त्यावर पंधरा मुलं, मोठं माणूस एकही नाही, आणि वादळ. आमची शाळा समुद्रपूर तालुक्यात. वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता.

इंग्रजी प्रत समोर ठेवून मी मराठीतून सांगत होतो. पहिल्याच तासाला गाडी अडली. शीड, डोलकाठी, सुकाणू सगळंच नवं. अर्थ सांगत गेलो तशी मागच्या रांगेत चुळबुळ वाढली. दुसऱ्या दिवशी पटांगणात चुन्याने जहाज आखलं, बांबू रोवला, त्याला जुनी ताडपत्री बांधली. वारा सुटलेलाच होता. ती आवरताना पोरांची दमछाक झाली आणि ९ मार्च १८६० ची ती रात्र त्यांना कळली. कादंबरीत त्या रात्री सुकाणूवर चौघं असतात. त्यांतला एक मोको, बारा वर्षांचा काळा खलाशी पोरगा.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या. कापलेला हरभरा शेतात भिजला. पोरं शाळेत परतल्यावर वादळाचा विषय काढणं मला जड गेलं. त्यांनीच काढला. शेतात वीज कडाडली तर काय कराल, असं मी विचारलं. बहुतेक म्हणाले, झाडाखाली थांबू. मी धास्तावलो. तो तास त्यावरच घातला. झाड, तारेचं कुंपण, मोटारपंप यांपासून दूर राहायचं, पक्कं घर गाठायचं. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पालकांच्या फोनवर 'दामिनी' अ‍ॅपही घ्यायला लावलं.

कादंबरीत पुढे जहाज एका बेटाला लागतं, आणि तिथे मुलं आपला प्रमुख निवडतात. मोको काळा म्हणून त्याला मत नाही. पुढच्या बाकावरची मुलगी ताडकन उठली. "सर, वादळात सुकाणू त्यानं बी धरलं होतं ना? मंग त्याले मत काऊन नाही?" व्हर्नच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. तसंच सांगितलं. मग वर्गाने ती निवडणूक पुन्हा घेतली, मोकोच्या मतासह.

ही कादंबरी शिकवणार असाल तर ते पान गाळू नका. आणि घ्यायची तर मार्चमध्येच घ्या, विजेच्या तासासकट. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं शेतात असतात, आणि वळवाच्या विजा तेव्हाच पडतात.