‘हो’ म्हणायचे की ‘नाही’?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणे आता आपल्याकडे कुणाला नवलाचे राहिलेले नाही. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जुन्या सुती साड्यांची दुपटी असे सामान बांधून आपण निघतो. तिथे गेल्यावर आपले जग म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाळाची खोली, एवढेच. २०२२ च्या जूनमध्ये मीही अशीच कॅन्सस राज्यात गेले. लेकीचे दिवस ऑगस्टअखेर भरत होते. राजकारणाशी माझा काही संबंध येईल असे स्वप्नातही नव्हते. पण त्या उन्हाळ्यात तिथले राजकारण थेट बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आले होते. त्याचीच ही हकिगत.

लेकीचे घर ओव्हरलँड पार्कला. जवळचे कॅन्सस सिटी हे शहर दोन राज्यांत पसरलेले आहे. मधून ‘स्टेट लाइन रोड’ नावाचा रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला कॅन्सस, दुसऱ्या अंगाला मिसूरी. लोकांचे दोन्हीकडे रोजचे जाणे-येणे, आमच्या जावयांची कचेरीही पलीकडे मिसूरीत. आणि २४ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गर्भपाताचा हक्क देशाच्या राज्यघटनेत नाही. १९७३ पासून चालत आलेला ‘रो विरुद्ध वेड’चा निकाल रद्द झाला. आता ज्या त्या राज्याने आपापले ठरवावे! त्याच दिवशी मिसूरीत बंदी लागू झाली. बाईच्या जिवावर बेतले तरच अपवाद, नाहीतर डॉक्टरला ५ ते १५ वर्षे तुरुंग. पलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयसमूहाने तर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गोळी देणेसुद्धा थोडा काळ थांबवले. ती कायद्यात बसते की नाही तेच कुणाला कळेना. खुलासा झाला तेव्हा पुन्हा सुरू केले.

रस्ता एकच, पण अलीकडच्या बाईला एक कायदा आणि पलीकडच्या बाईला दुसरा. जावई कामाला निघाले की मी उगीचच त्या रस्त्याचा विचार करत बसे.

अलीकडे कॅन्ससमध्ये तेव्हा २२ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर होता. राज्याच्या घटनेत हा हक्क आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले होते. ते तिथल्या आमदारांना पटले नाही. ‘आमच्या घटनेत असा हक्क नाही’ अशी दुरुस्ती त्यांनी २०२१ मध्ये सुचवली. पण राज्याची घटना बदलायची तर लोकांना विचारावे लागते. त्यासाठी २ ऑगस्ट २०२२ हा दिवस ठरला. आपल्याकडे आपण माणूस निवडून देतो आणि पुढचे तो बघतो. तिथे एखादा प्रश्नच मतपत्रिकेवर छापून येतो, आणि त्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची. काही राज्यांत तर नागरिक हजारो सह्या गोळा करून स्वतःच असा प्रश्न मतदानाला आणतात.

गंमत अशी की इथे ‘हो’ म्हणजे हक्क जाणार आणि ‘नाही’ म्हणजे हक्क राहणार! ‘हो’ जिंकले असते तरी दुसऱ्या दिवशी बंदी आली नसती, पण बंदी घालायला आमदारांना वाट मोकळी झाली असती.

तुम्ही म्हणाल, सुखाने दिवस भरत आलेल्या लेकीच्या घरी हा विषय कशाला? मलाही तसेच वाटले होते. पण एका रात्री लेकीला झोप येईना. मी तिचे पाय चेपत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, “आई, २०२० साली माझं काय झालं होतं आठवतंय ना?”

न आठवायला काय झाले? तिसऱ्या महिन्यात पोटातले बाळ वाढेना आणि आपोआप पडूनही जाईना. डॉक्टरांनी दोन दिवसांत क्युरेटिंग केले, आपण ‘पिशवी धुतली’ म्हणतो ना, तेच. साथीचे दिवस होते, विमाने बंद होती, मी इथे फोन कानाला लावून बसले होते. गर्भपाताला जी औषधे आणि जी शस्त्रक्रिया वापरतात, तीच अशा वेळीही वापरतात, हे मला तोवर कधी नीट उमगले नव्हते. “तेव्हा डॉक्टरांनी वकिलाला विचारायला वेळ घेतला असता तर?” लेक म्हणाली. माझा हात तिच्या पायावर तसाच थांबला.

आणि तिला मत नाही! दोघेही नोकरीच्या व्हिसावर. कर भरायचा, कायदा पाळायचा, पण मतपत्रिका मिळायची नाही. “माझ्या पोटाचा निकाल शेजारीपाजारी लावणार, आई,” असे ती हसत म्हणाली खरी, पण ते हसू काही खरे नव्हते.

शेजारीपाजारी कोण होते ते सांगते. डाव्या हाताच्या बाई पासष्टीच्या, कॅथलिक, पाच मुलांची आई. त्यांच्या अंगणात ‘दोघांचेही मोल जाणा’ अशा अर्थाची पाटी होती. दोघांचे म्हणजे आईचे आणि बाळाचे. ही ‘हो’वाल्यांची पाटी. बाई मोठ्या मायाळू. लेकीच्या बाळासाठी लोकरीचे पांघरूण विणून आणले. त्यांचा धाकटा मुलगा जन्मतःच मतिमंद. “त्याच्यासारख्यांना जगात येऊच द्यायचं नाही म्हणतात, ते मला सोसत नाही,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना काय उत्तर देणार? दुष्ट माणसे एका बाजूला आणि भली दुसऱ्या बाजूला, अशी ती भांडणाची रेघ नव्हती.

समोरच्या आजीबाईंच्या दारात मात्र कसलीच पाटी नव्हती. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, जन्मभर रिपब्लिकन पक्षाला मत दिलेल्या. एकदा पत्रपेटीपाशी लेकीला हळूच म्हणाल्या, “मी स्वतः हे कधी केलं नसतं. पण माझ्या नातीनं अशा वेळी सरकारला विचारायला जावं, हेही मला चालायचं नाही.” एवढे बोलून इकडेतिकडे बघून आत गेल्या. ते ऐकल्यावर मला कळले, की पाट्या मोजून गावाचे मन कळत नाही.

२ ऑगस्टला नेमकी नागपंचमी होती, आणि श्रावणातला पहिला मंगळवार. चिरायचे नाही, तळायचे नाही, म्हणून मी दिंड उकडले होते. आठ-दहा मराठी बायका जमल्या. त्यांतल्या दोघी-तिघीच तिथल्या नागरिक. तीस वर्षे तिथे राहिलेल्या एक वहिनी मत देऊन थेट आल्या. साडीच्या पदरावर ‘मी मत दिले’ अशी छोटी गोल चिकटपट्टी! बाकीच्या तिच्याकडे जरा हेव्यानेच बघत होत्या. आदल्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर एक निनावी संदेश आला होता तो त्यांनी दाखवला. ‘हो’ म्हटल्याने बायकांना निवडीचे स्वातंत्र्य मिळेल, असे त्यात लिहिले होते. अगदी उलटे! असे संदेश राज्यात पुष्कळांना गेले होते, पुढे वर्तमानपत्रांतही ते आले. “नीट वाचलं नसतं तर मीही फसले असते गं,” वहिनी म्हणाल्या.

मग कुणीतरी बेळगावच्या सविता हलप्पनवारची आठवण काढली आणि सगळ्या गप्प झाल्या. आयर्लंडमधली ती ३१ वर्षांची दंतवैद्य. १७ आठवड्यांचा गर्भ टिकणार नाही हे ठाऊक असूनही, त्याचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी तो काढला नाही. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गेली. आपल्या अंगणातली ती मुलगी. पुढे २०१८ मध्ये आयर्लंडच्या लोकांनी मतदान करून ६६ टक्क्यांनी घटनेतले ते कलमच काढून टाकले. पण तिच्या आईवडिलांना त्याचे काय? लेक आत पाणी आणायला म्हणून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

रात्री जेवणे आटोपून आम्ही दूरदर्शनसमोर बसलो. कॅन्सस हे राज्य कसे, तर १९३२ नंतर तिथून डेमोक्रॅट पक्षाचा एकही सिनेटर निवडून गेलेला नाही, आणि २०२० मध्ये तिथे ट्रम्प यांना ५६ टक्के मते. त्यामुळे निकाल ‘हो’चाच लागणार, असे जावई धरून चालले होते. शिवाय ही ऑगस्टची निवडणूक पक्षांतर्गत उमेदवार ठरवण्याची, एरवी तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. पण या वेळी ९ लाखांहून अधिक मते पडली. सरकारी अंदाज ३६ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात जवळजवळ निम्मे मतदार आले. जूनच्या निकालानंतर नव्याने नावे नोंदवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. आणि ‘नाही’ला मिळाली ५९ टक्के मते! शहरांतून तर मिळालीच, पण काही शेतकरी काउंट्यांतूनही मिळाली. काहींना ते खरेच वाटेना. त्यांनी पैसे भरून नऊ काउंट्यांत हाताने फेरमोजणी करवली, त्यात शंभर मतांचाही फरक पडला नाही.

माझ्या मनात सारखे येत होते, की समोरच्या आजीबाईंसारख्या किती असतील! चारचौघांत गप्प राहणाऱ्या आणि पडद्याआड खूण करणाऱ्या. आपल्याकडे तरी काय निराळे आहे? स्वयंपाकघरात बायका जे बोलतात ते ओटीवर बोलत नाहीत.

परत आल्यावर मी हा विषय वाचत राहिले. कॅन्ससचे मतदान पहिले नव्हते. साउथ डकोटात २००६ आणि २००८ मध्ये, मिसिसिपीत २०११ मध्ये असे कडक प्रस्ताव लोकांनी फेटाळले. कोलोरॅडोत तर तीन-चार वेळा. टेनेसी, अलाबामा, वेस्ट व्हर्जिनिया, लुइझियाना इथे मात्र लोकांनीच २०१४ ते २०२० च्या दरम्यान ‘हक्क नाही’ असा कौल दिला. कॅन्ससनंतर केंटकीनेही ‘नाही’ म्हटले. ओहायोत २०२३ मध्ये आधी घटना बदलण्याची अट ६० टक्क्यांवर नेऊन पाहिली, लोकांनी ती नाकारली आणि नोव्हेंबरमध्ये हक्क घटनेत घातला. फ्लोरिडात २०२४ मध्ये ५७ टक्के लोक हक्काच्या बाजूने होते, पण तिथे ६० ची अट असल्याने ते हरले. नेब्रास्कात त्याच साली बारा आठवड्यांची मर्यादा मंजूर झाली. आणि रस्त्यापलीकडच्या मिसूरीत? तिथे २०२४ मध्ये लोकांनी अगदी थोड्या फरकाने बंदी उठवली, तर २०२५ मध्ये तिथल्या आमदारांनी तोच प्रश्न फिरून मतदानाला ठेवायचे ठरवले. म्हणजे बाईच्या जिवाचा प्रश्न एकदा सुटला म्हणून सुटत नाही. दर दोन वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा उकरून काढतोच.

आपल्याकडे यावर कधी मतदान झाले नाही. शांतीलाल शहा समितीच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये कायदा झाला, तोही अमेरिकेतल्या त्या निकालाच्या दोन वर्षे आधी. त्यापूर्वी माहेरच्या वाड्यातल्या एक काकू चोरून केलेल्या उपायात गेल्या होत्या. घरात सांगितले गेले, ‘ताप डोक्यात गेला.’ कायदा आला म्हणून तशा कितीतरी जणी वाचल्या. पण आपले दुःख पुढे निराळ्या वाटेने आले. मुलगी आहे असे कळले की ‘काढून टाक’ म्हणणारी घरे निघाली. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला १९८८ मध्ये करावा लागला, तो उगीच नव्हे. तिकडे सरकार म्हणते ‘ठेवलेच पाहिजे’, इकडे सासर म्हणते ‘काढलेच पाहिजे’. दोन्हीकडे जिच्या पोटात बाळ आहे तिला कुणी विचारत नाही. मला तरी दोन्ही दुखणी एकाच जातीची वाटतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नात झाली. मायलेकी सुखरूप. डाव्या हाताच्या बाईंचे पांघरूण तिला अजून लागते. त्यांचे मत वेगळे होते म्हणून त्याची ऊब काही कमी झाली नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही, दवाखान्याच्या कागदावर तशी जागा छापलेली असली तरी. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठराविक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, तिथे दोन डॉक्टरांचे. हे आपल्या लेकीसुनांना सांगून ठेवा. आणि घरात कधी असा प्रसंग आलाच, तर बैठकीच्या खोलीत पंचायत भरवण्याआधी तिला बाजूला घ्या, दार लावा, आणि विचारा, “तुला काय वाटतं?” मग ती सांगेल ते ऐकून घ्या.