पेनच्या शहरात

फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर विल्यम पेनचा ११ मीटर उंचीचा पुतळा आहे, हातात सनद घेतलेला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे पेनच्या वडिलांचे १६,००० पौंड थकले होते. त्या बदल्यात १६८१ मध्ये राजाने मुलाला डेलावेअर नदीपलीकडचा मुलूखच लिहून दिला.

तिथून आर्च स्ट्रीटने नदीच्या दिशेने निघालो. वाटेत पेन ज्या ख्रिस्ती पंथाचा होता त्या क्वेकरांचे १८०४ मधले प्रार्थनागृह लागते. विटांची साधी इमारत. आत वेदी नाही, पाद्री नाही, नुसते लाकडी बाक. पेनने १६८२ मध्ये त्या मुलखातल्या वसाहतीसाठी लिहिलेल्या राज्यघटनेची प्रस्तावना मी तिथेच एका बाकावर बसून वाचली. ती सृष्टीच्या आरंभापासून सुरू होते. ईश्वराने माणसाला जगाचा कारभारी नेमले, माणूस ढळला, म्हणून कायदा आला. मग बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातला तेरावा अध्याय येतो: सत्ता ईश्वराने नेमलेली आहे, तिला विरोध म्हणजे ईश्वराला विरोध.

हे लिहिणारा पेन स्वतः धर्ममतापायी लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगून आलेला होता. राजांच्या सोयीचा तोच अध्याय त्याने राज्यकर्त्यांवर जबाबदारी टाकण्यासाठी वापरला. दुर्जनांना धाक हवाच, पण सज्जनांना आधार देणे हेही सत्तेचे काम. शिक्षा हा तर तिचा सर्वांत ओबडधोबड भाग. राज्य एकाचे असावे, थोड्यांचे की सर्वांचे, या वादात तो देवाला ओढत नाही. जिथे कायद्याचे राज्य आहे आणि ते कायदे करण्यात लोकांचा वाटा आहे, ते राज्य त्याच्या मते स्वतंत्र. मला ही प्रस्तावना थोर वाटते ती इथे.

म्हणूनच सोबतच्या कायद्यांतले ३४वे कलम सलते. एकच ईश्वर मानणाऱ्या कोणालाही धर्मावरून छळायचे नाही, असे ३५वे कलम सांगते. पण मत द्यायला किंवा पद घ्यायला ३४व्या कलमानुसार येशूवर श्रद्धा हवी. म्हणजे ज्यूला इथे निर्धास्त राहता येईल, सत्तेत मात्र वाटा नाही.

पुढे नदीकाठी पेन ट्रीटी पार्क आहे. इथल्या एल्म वृक्षाखाली पेनने इथल्या मूळच्या लेनापे लोकांशी मैत्रीचा करार केला, अशी परंपरा आहे. झाड १८१० मध्ये वादळात पडले. चांगले कायदेही वाईट माणसांच्या हाती बिघडतात, हे पेनने प्रस्तावनेत बजावले होते. मैत्रीचेही तेच झाले. १७३७ मध्ये त्याच्याच मुलांनी लेनाप्यांसमोर एक जुना कागद पुढे केला: दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन आपली. मग पैसे देऊन वेगवान माणसे आणली, वाट आधीच साफ करून ठेवली. लेनाप्यांनी तक्रार केली. १७४२ मध्ये याच शहरातल्या सभेत त्यांना मुलूख सोडून जायला सांगण्यात आले.