मामांचा मुरूम

माणसाला बागेची हौस असावी, पण हौसेच्या जोडीला मातीची थोडी जाण असावी. मला हे कळण्यासाठी आईचा अनंत पिवळा पडावा लागला.

आईचे माहेर आंदर मावळातले. कान्हे स्टेशनवर उतरायचे, टाकवे गाठायचे आणि आंध्रा नदीच्या कडेकडेने वर जायचे. घराच्या परसात अनंताचे जुने झाड होते. पुढे ती जागा विकली गेली, तिथे कुणाचे फार्महाऊस उभे राहिले आणि झाड गेले. त्याची एक फांदी मामांनी आधीच लावून ठेवली होती. ते रोप त्यांनी पुण्याला आमच्या गॅलरीत आणून दिले. गुडघ्यांमुळे आईचे मावळात जाणे थांबले आहे. तेव्हा ती कुंडी म्हणजे तिचे उरलेसुरले माहेरच होते.

मी रोप मोठ्या कुंडीत हलवले. काळी माती, शेणखत आणि वर चार ओंजळी राख! लहानपणी मामांचा राब पाहिला होता. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत रचायचे, वर माती पसरायची आणि भाजून काढायचे. पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरला की रोपे कशी तरारून येत! भाताला जे मानवते ते अनंताला का मानवू नये?

दोन महिन्यांत कोवळी पाने पिवळी झाली. शिरा तेवढ्या हिरव्या. आई रोज गॅलरीत जाई, कुंडीपाशी उभी राही आणि काही न बोलता परत येई. त्या न बोलण्याचाच मला धाक वाटू लागला.

मी बाजार गाठला आणि चार पिशव्या घेऊन आलो : पर्लाइट, वर्मिक्युलाइट, जिप्सम आणि दगडाची भुकटी. पावती पाहून ही म्हणाली, "अहो, हे कुंडीत घालायचे आहे की तिजोरीत?"

गणपतीला मामा आले. त्यांनी माती चिमटीत धरली आणि हसले. "आरं, राख भाताला. आमची माती आंबट, तिला राख गोड लागती. तुझ्या मातीत आधीच चुना, त्यात बोअरचं पानी. वर आनि राख?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावळातला धो धो पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो. राख ती उणीव भरून काढते. अनंताला मात्र आंबट मातीच हवी. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

आता पिशव्यांकडे नीट पाहिले. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. सुमारे 900 अंश सेल्सिअसला लाहीसारखी फुलवलेली. मातीत हवा खेळवते, पण पोषण देत नाही आणि पाणी घालताच वर तरंगते. वर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवते. बी रुजवायला उत्तम, पण आमच्या चिकट कुंडीला नको. जिप्सम सोडियमने बिघडलेल्या जमिनीचे औषध. आमचा रोग निराळा. भुकटी विरघळायला वर्षे लागणार, तोवर ती मातीतली पोकळी बुजवणार!

मामांनी गावाकडून लाल मुरूम पाठवला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा अर्धवट झिजलेला खडक! मी तो चाळला, पीठ टाकून दिले आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवले. मग त्यावर लिंबू पिळले. चुना असता तर फसफसले असते. ही धावत आली, "आता दगडाची दृष्ट काढताय का?" खडे गप्प राहिले. परीक्षा पास!

दोन भाग पाल्याचे कुजलेले खत, एक भाग लाल माती, एक भाग मुरूम. राखेची माती अलगद झाडून टाकली. मुळांना घेता येईल असे विद्राव्य लोह एकदा दिले आणि पावसाचे पाणी बादलीत साठवून घातले. जुनी पिवळी पाने काही पुरती सुधारली नाहीत. नवी मात्र हिरवीगार आली.

यंदा जूनमध्ये पहिले फूल उमलले. आईने ते देवाला वाहण्याआधी खूप वेळ नाकाशी धरले. मग मामांना फोन लावला, "अरे, तुझा मुरूम फुलला बघ!"

पलीकडून मामांचा आवाज मलाही ऐकू आला, "बरं झालं, आक्का. पन त्याला म्हनावं, आता राख घालू नको."