दुसरी खूण

करंजा,
रविवार सकाळ

चि. भाचेबुवांस,


तुझं पत्रक मिळालं. व्हॉट्सॲपवरचं नव्हे, कागदाचं. जेट्टीवर तुझ्या मित्राने वाटलेल्यांपैकी एक मावरं विकणाऱ्या बाईने घडी करून टोपलीखाली घातलं होतं, ते उलगडून मी वाचलं. कागद जाड, छपाई झकास. मधल्या पानावर ‘नमुना वाट’ म्हणून चौदा पायऱ्या छापल्यास आणि वर मथळा दिलास, ‘करंजा (पनवेल) येथील एका निवृत्त शिक्षकाचा शोध, रात्री २.१०’. अरे, करंज्यात निवृत्त शिक्षक आहेत तरी किती? आणि त्यांतले रात्री दोनला जागे असणारे किती? नाव गाळलं म्हणजे माणूस गळतो, असं तुला कोणी शिकवलं? मी तर नक्कीच नाही. (आणि हे करंजा उरण तालुक्यातलं. पनवेल कंसात घालून तू काय मिळवलंस? माझा फोन आधीच ‘करंजा’ म्हटलं की मला वाशीमच्या कारंजा लाडला नेऊन सोडतो.)

तू म्हणशील, मामाने परवानगी दिली होती. गणपतीत ओट्यावर बसून माझ्या फोनमध्ये लोकांच्या शोधांच्या वाटा इतरांना दाखवणारं तुझं ॲप तूच घातलंस, ‘मान्य’वर माझं बोट धरून तूच दाबलंस, आणि तेव्हा माझं लक्ष मोदकांकडे होतं. देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्यात संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली हवी, असं म्हटलंय. मोदकांचा उल्लेख नाही.

पायऱ्या पुन्हा वाच. ‘हात थरथरणे’. मग ‘कप धरताना हात थरथरणे वय ६७’. मग ‘कंपवात लक्षणे’, ‘कंपवात बरा होतो का’, ‘कंपवात किती वर्षे’. मग परळच्या रुग्णालयात मेंदूचे डॉक्टर कोणत्या वारी, मग मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला पहिली लाँच किती वाजता. तुला त्यात ‘आदर्श शोधप्रवास’ दिसला. तुझ्या आईला काय दिसलं ते सांगतो. पत्रक तिच्यापर्यंत पोचलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. रडली नाही. इतकंच म्हणाली, “दादा, मला का नाही सांगितलंस?” बासष्ट वर्षांच्या बहिणीने असं विचारल्यावर माणूस काय उत्तर देणार?

आणि गंमत बघ, तुझ्या वाटेत पंधरावी पायरी नाही. ती फोनवर झालीच नाही. परळला गेलो, डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं, एका कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढून घेतलं. मग विचारलं, “दम्याचा पंप दिवसातून किती वेळा ओढता?” पावसाळ्यात माझा दम वाढतो हे तुला माहीत आहे. सहा-सात वेळा, म्हटलं. त्या औषधाने हात थरथरतो म्हणे, डॉक्टरांना ही ठाऊक असलेलीच गोष्ट. कंपवात नाही. औषध बदलून दिलं आणि संपलं. आता जो कोणी तुझ्या ॲपवर माझ्या मागून चालेल तो चौदाव्या पायरीवर येऊन अंधारात उभा राहील, कारण मी तिथून लाँचमध्ये बसून निघून गेलो. मामाची वाट म्हणून तू जे विकतोयस ती मामाची भीती आहे.

हे तुला समजावं म्हणून तुझ्या आजोबांची गोष्ट सांगतो. कंटाळू नकोस, ही तू ऐकलेली नाहीस. मॅट्रिकच्या आधीच्या दोन मे महिन्यांत मी त्यांच्या बोटीवर गेलो होतो. बाबा तांडेल. घोळ कुठे लागते ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं हीच घरची इस्टेट. किनारा मागे पडला की ते वळून बघत राहायचे. एकदा मला जवळ बोलावून दाखवलं: कर्नाळ्याचा सुळका द्रोणागिरीच्या खांद्यावर येऊन टेकला की समज, ओळीत आलो. मी भूगोलात हुशार. लगेच म्हटलं, एका ओळीने जागा कळत नाही, दुसरी ओळ तिला छेदायला हवी. बाबा हसले. म्हणाले, “दुसरी खूण आहे. ती बोटीत राहील त्याला सांगेन.” मी मास्तर झालो. दुसरी खूण मला मिळाली नाही.

ती मिळाली तुझ्या धाकट्या मामाला. त्याने पुढे जीपीएसमध्ये घातली, आकड्यांत. आता हैदराबादच्या इन्कॉइसकडून उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळीच्या संभाव्य जागा सगळ्या बंदरांना कळवतात, तेही तो ऐकायचा. पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागेवर सगळेच जातात, एवढं तर तुलाही कळेल. डिझेल परवडेना तेव्हा त्याने बोट विकली. विकण्याच्या आदल्या रात्री यंत्रातल्या खुणा एकेक करून पुसल्या. मी विचारलं तर म्हणाला, “बोट विकली, खूण नाय विकली.” मुलगा बंदरात क्रेनवर आहे, त्याला ती कधी लागणार नाही. तरी पुसली. तुला हे कोत्या मनाचं वाटेल. मलाही तेव्हा वाटलं होतं.

तुझ्या पत्रकाच्या पाठीवर त्या व्हॅनेव्हार बुशचा फोटो आहे. त्याचा १९४५च्या जुलैमधला ‘अटलांटिक मंथली’तला लेख तूच मला धाडला होतास, कॉलेजात असताना. मी पुन्हा वाचला. तू मात्र नीट वाचला नाहीस. त्याचं ते मेमेक्स नावाचं मेज, त्यात माणूस तुर्की धनुष्य आणि इंग्लंडचं लांब धनुष्य यांचा शोध घेतो, कागदाला कागद जोडत वाट तयार करतो, हे तू छापलंस. पुढचं गाळलंस. काही वर्षांनी मित्राशी गप्पा मारताना विषय निघतो, तेव्हा तो ती वाट काढून त्या मित्राच्या हातात देतो. कोणाला द्यायची आणि कधी, हे वाट काढणाऱ्याने ठरवलं. तुझ्या आजोबांनी ‘अटलांटिक’ पाहिला नव्हता, पण नियम तोच.

नियम मोडला की काय होतं तेही झालेलं आहे. २००६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने साडेसहा लाखांवर लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी म्हणून खुले केले. नावं गाळली होती, तुझ्यासारखीच, आणि त्यांच्या जागी आकडे घातले होते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी त्यातल्या एका आकड्याच्या मागे जात जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध बाईचं दार वाजवलं. तिच्या शोधांत बधिर बोटं होती, आणखी बरेच आजार होते. ती म्हणाली, हे तर माझ्या मैत्रिणींचे आजार, त्यांच्यासाठी मी शोधत होते. म्हणजे वाट तिची, दुखणं दुसरीचं, आणि वाचणाऱ्याने लावलेला अर्थ चुकीचा. हे वाचून माझी झोप उडाली, आणि तीही रात्री दोनलाच. तेवढं तुझ्या ॲपला कळलं नसेल, कारण पत्रक वाचलं त्याच दिवशी मी ते काढून टाकलं.

आता तू विचारलेलं. मराठी नाव सुचव, गावात चार लोकांना सांग, एवढंच तुझं मागणं होतं आणि मी इथवर आलो. नाव सुचवत नाही. धंद्याचं बोलतो, रागावू नकोस. वेबवरच्या खुणा वाटून घेण्याचा उद्योग नवा नाही. २००३ साली डिलिशस निघालं, दोन वर्षांत याहूने घेतलं, मग ते या हातातून त्या हातात गेलं आणि २०१७ साली नवीन खुणा घेणंच बंद झालं. स्टंबलअपॉन २०१८ साली मिटलं. लोकांना दोन्ही आवडायची. आवडणं आणि पैसे देणं यांच्यात आपल्या खाडीपेक्षा मोठं पाणी आहे. आपल्याकडचं उदाहरण घे: श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आले आणि ज्ञानकोशासाठी लिमिटेड मंडळी काढून शेअर व वर्गणीदार गोळा करत हिंडले. २३ खंड पुरे केले, आणि त्या खटाटोपाचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून वेगळा लिहिला. वाट दाखवायची तर अशी, अडलं कुठे आणि पैसे कमी कुठे पडले त्यासकट, आणि स्वतःची. तुझ्याजवळ स्वतःची वाट नाही का? नोकरी सोडल्यापासूनचे चौदा महिने छाप की नमुना म्हणून. त्यात आईच्या पाटल्या कोणत्या पायरीवर येतात ते मी विचारत नाही. पण या गौरीत तिच्या हातात त्या नव्हत्या, एवढं मी पाहिलं.

ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्या गावागावांत सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी लोक कागद शोधत फिरतात. १९८४च्या जानेवारीत जासई–दास्तानच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली तेव्हा कुठे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्यांच्या पदरात ती योजना पडली, आणि आता नातू वारसनोंद कुठून करायची म्हणून फोन घेऊन बसतात. कोणता उतारा आधी, वारस दाखल्याला काय लागतं, चुलत्याची सही राहिली तर काय, ही वाट एकाने नीट चालून शेवटापर्यंत लिहिली तर दहा घरांचे हेलपाटे वाचतील. त्यात कोणाला लाज नाही, भीती नाही. सांगणारा चहाच्या टपरीवर आपण होऊन सांगतो. तिथून सुरू कर. प्रत्येक वाटेला शेवटची पायरी हाताने लिहायला लाव: मग काय झालं? आणि रात्री बारानंतरचे शोध वाटूच नकोस. हे तुझ्या त्या गुंतवणूकदाराला वेडगळ वाटेल, वाटू दे.

उरलेली पत्रकं किती आहेत? मित्राला सांग, जेट्टीवर वाटू नकोस, माझ्याकडे आणून दे. पाठकोरी असती तर मुलांना गणितं करायला झाली असती. पाठीवर बुशचा फोटो आहे, तेव्हा बंबात जातील.

अक्षर बघितलंस? पंप बदलून आज अठरावा दिवस, आणि हे सगळं एका बैठकीत लिहिलं. चहाही बशीत सांडत नाही. आईने माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही, तेव्हा आधी तिला फोन करून पंधरावी पायरी तू सांग. मग मला कर.

तुझा,
मामा