मिरगापासून दामिनीपर्यंत

वैनगंगेच्या काठी 1960च्या दशकात जन्मलेल्या पिढीने हवामानाचा अंदाज पहिल्यांदा ऐकला तो घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून. नवतपा कसा तापला, मिरग कोणत्या वाहनावर बसून येतोय, याची चर्चा ओसरीवर रंगे. पंचांगात बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की मंडळी खूश होत. कोल्हा किंवा मेंढा निघाला की कर्ता माणूस गप्प होई. वाहनाचं भाकीत खरं ठरेलच असं नव्हतं, पण नक्षत्रांचा हिशेब टाकाऊ नव्हता. ही नक्षत्रं सूर्याच्या गतीवर बेतलेली आहेत, त्यामुळे मृग दरवर्षी 7-8 जूनच्या सुमारास लागतो आणि विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. पऱ्ह्यांसाठी, म्हणजे धानाच्या रोपांसाठी, रान कधी तयार ठेवायचं, ते नक्षत्रांवरून कळे. यंदाचा पाऊस नेमका कोणत्या दिवशी पडेल, ते मात्र कळत नसे.

पुढे रेडिओ आला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासूनचं. त्यावरच्या बातम्यांत बुलढाण्यापासून सिरोंच्यापर्यंतचा सारा मुलूख एका वाक्यात आटोपायचा: विदर्भात काही ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता. बुलढाण्याचा कापूसवाला आणि ब्रह्मपुरीचा धानवाला, दोघांनी त्यातून काय घ्यायचं? शेतीसल्ल्यासाठी जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज मिळायला लागला तो 2008 पासून. तोवर या पिढीच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

अंदाजातले शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त केंद्रांवर. आपल्या धानाच्या बांधीत थेंब पडला नाही आणि पलीकडच्या गावाला झोडपलं, तर ‘तुरळक’चा अंदाज चुकला असं होत नाही. पण धान उत्पादकाचं पोट सरासरीवर भरत नाही, हेही तितकंच खरं.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला मोठा पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाचा किनारा ओलांडतं आणि छत्तीसगडमार्गे इकडे सरकतं. पावसाळ्यातल्या अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येला सहसा सर्वांत जास्त पाऊस पडतो. म्हणून त्याची वाट थोडी वर-खाली झाली तरी एका तालुक्यात झड लागते आणि दुसरा कोरडा राहतो. उलट, मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की इथे पाऊस दडी मारतो. ऐन जुलैत असं झालं की पऱ्हे वाढून बसतात आणि रोवणी अडते. अशा वेळी पूर्वजांनी बांधलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्या गावात राखले गेले तिथलं पीक वाचतं.

पावसाची धास्ती फक्त पावसाळ्यातच असते असं नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, उभं राहिलं की हे कळतं. सत्तर पानांचं एक पुडकं, अशी हजारो पुडकी उन्हात ओळीने मांडलेली असतात; ती उलटून दोन्ही बाजूंनी वाळवायची असतात. दुपारपर्यंत ऊन अंगाची लाही करतं. मग समुद्राकडून आलेला दमटपणा आणि वायव्येकडचा कोरडा वारा यांची गाठ पडते, तापलेली हवा वेगाने वर चढते आणि तासाभरात काळं आभाळ उभं राहतं. वळवाची एक सर पान डागाळायला पुरेशी होते. गडचिरोलीतल्या कितीतरी घरांना वर्षातली मोठी रोख रक्कम याच पानांतून मिळते. दोन तास आधी सूचना मिळाली तर पुडकी झाकता येतात.

ऑगस्ट 2020च्या अखेरीस या पिढीने वेगळाच धडा घेतला. मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. गडचिरोलीलाही तडाखा बसला. पुराचं मूळ इथल्या आभाळात नव्हतं; ते शेकडो किलोमीटर वर, सिवनीकडे होतं. चंद्रपूरचा अंदाज पाहणाऱ्याला त्यातून हा पूर दिसला नसता. नदीकाठच्या माणसाने आपल्या जिल्ह्याबरोबरच वरच्या खोऱ्याचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग पाहिला पाहिजे.

दक्षिण गडचिरोलीत अडचण वेगळी आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरचं भामरागड नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. नागपूरच्या डॉप्लर रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखाली वळत जाते. त्यामुळे इतक्या अंतरावर तो जमिनीपासून काही किलोमीटर उंचावरून जातो आणि खालच्या ढगांतलं बरंचसं निसटतं. ज्या गावांचा संपर्क पुरात वर्षानुवर्षे तुटत आला, तिथेच यंत्राची नजर अधू.

पाऊस कुठे किती नोंदला गेला, याचा हिशेब पैशातही होतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसानभरपाईचा रस्ता मोकळा होतो. गडचिरोलीत एकेक मंडळ जंगलासकट दूरवर पसरलेलं. ढग फुटला एका टोकाला आणि पर्जन्यमापक दुसऱ्या टोकाला कोरडा, तर वाहून गेलेली बांधी सिद्ध कशी करायची?

आता या पिढीच्या नातवंडांच्या मोबाईलमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. आसपास वीज पडण्याचा धोका असला तर ते सूचना देतं. पण बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या हातात चिखल असतो; मोबाईल घरी असतो, आणि पुष्कळ गावांत रेंज नसते. जिल्ह्याच्या गावी बसून शेतीसल्ला देणारी देशातली जवळपास दोनशे कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये बंद झाली, हे तर फारच वाईट झालं.

जंगलातल्या मंडळांत पर्जन्यमापक वाढवा. दक्षिण गडचिरोलीसाठी जवळ रडार बसवा. धरणाच्या विसर्गाची सूचना शेवटच्या गावाच्या दवंडीपर्यंत पोचवा, आणि ती मराठीबरोबर माडिया, गोंडी आणि सिरोंच्याकडे तेलुगूतही द्या. आणि रोवणी करणाऱ्यांनो, ढगांचा गडगडाट कानावर आला की पऱ्ह्यांची पेंडी तिथेच टाका, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.