दाढेच्या खड्ड्यात उतरलेल्या शेंगदाण्याच्या कणास

मु. पो. होटगी, ता. दक्षिण सोलापूर

बाबा रे,

'प्रिय' लिहायला हात धजेना, आणि शिवी द्यावी तर तू आमच्याच उखळातला. म्हणून नुसतंच बाबा रे.

तू आलास तो दाढ काढल्याचा पाचवा दिवस. डावीकडची, खालची अक्कलदाढ. चार दिवस मुगाची खिचडी, ताकभात आणि गार केलेलं वरण खाऊन तोंडाची चव गेली होती. पाचव्या दिवशी आव्वानं शेंगाचटणी कुटली. उखळात तेल सुटलं की आमच्याकडच्या माणसाला डॉक्टरचं सांगणं आठवत नाही. तरी मी बेत नियमात बसवला होता: दह्यात भिजवलेली भाकरी, वर चिमूटभर चटणी, आणि चावायचं ते उजव्या बाजूनं. दुसऱ्याच घासाला तू जिभेवरून घसरलास आणि थेट खड्ड्यात जाऊन बसलास.

तुझ्या जागी कडक भाकरीचा तुकडा असता तर त्यानं टोचून रक्त काढलं असतं. बाजरीच्या भाकरीवरचा तीळ असता तर कळलंही नसतं. तू मऊ, तेलकट आणि नेमका खड्ड्यात बसणाऱ्या मापाचा. आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडमधून चालतं. त्या रात्री तुझा उद्धार दोन्ही भाषांतून झाला.

तुला बाहेर काढायला घरातली सगळी हत्यारं निघाली. आव्वानं पदराची टाचणी काढून दिली. शेजारच्या अण्णांनी काडेपेटीतली काडी तासून आणली. वर चिमूटभर मिश्री दाबून ठेव, ठणका लागणार नाही, असाही सल्ला दिला. भाचा म्हणाला, "मामा, जोरात चूळ भरून थुंका, नाहीतर स्ट्रॉनं ओढा, येतंय बाहेर." सगळ्यांची माया खरी होती, आणि एकाचाही उपाय धड नव्हता.

का, ते तुला सांगतो, कारण तू जिथं बसला होतास तिथं काय काम चाललं होतं याची तुला कल्पना नव्हती. दाढ निघाली की त्या जागी रक्त साकळून गुठळी होते. डॉक्टर कापसाची घडी दाबून धरायला सांगतात ती त्यासाठीच. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तशीच ही तोंडातली खपली. फक्त लाळेत भिजत राहते म्हणून मऊ आणि नाजूक. तिच्याखाली हाड असतं, नसांची टोकं असतात. आठवडाभरात त्या गुठळीत नवं मांस धरायला लागतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते, आणि आत हाड भरायला पुढं काही महिने जातात. पहिल्या दिवशी चूळच भरायची नाही; पुढचे काही दिवसही जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, कारण त्या ओढीनं गुठळी उपटून येते. तंबाखूचं तर दुप्पट पाप. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे जखमेला रक्त हवं तेव्हाच ते कमी पडतं; वर विडी ओढली तर ती ओढ वेगळीच.

गुठळी गेली की हाड उघडं पडतं. त्याला डॉक्टर 'ड्राय सॉकेट' म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यानं हे दुखणं 1896 साली लिहून ठेवलं. याची खूण सरळ आहे: दाढ काढल्यावर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट वाढतं. ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. खालच्या दाढांना, त्यातही अक्कलदाढेला हे जास्त होतं. मग घरी बसून उपयोग नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी आत ठेवतात, तिला बऱ्याचदा लवंगेचाच वास असतो. म्हणून घरी लवंगेचं तेल जखमेत ओतायचं नाही. ते निव्वळ तेल मांस भाजून काढतं.

आता एक कबुली. तुझ्यावर मी तू यायच्या आधीपासून चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी मोबाईलच्या उजेडात आरशात पाहिलं तर खड्ड्यात पांढुरकं काहीतरी. भात अडकला असं समजून मी दातकोरणं घेऊन बसलो. टोकरलं, थोडं रक्त आलं, रात्रभर जबडा ठणकला. सकाळी सोलापूरला डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, ते अन्न नाही. जखम भरताना तसा पांढरा थर येतोच. हात लावू नका." म्हणजे ज्याला मी उपरा समजून उकरत होतो तो घर बांधणारा गवंडी होता. त्या एका रात्रीचं पाप तुझ्या नावावर लिहिलं होतं, ते खोडतो.

तुझ्या वेळी म्हणून शहाणपणानं वागलो. टाचणी आव्वाला परत दिली. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घातलं. पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं नाही. मान हळूच डावीकडे, मग उजवीकडे कलती केली आणि तोंड उघडून पाणी आपोआप पडू दिलं. तू हलला नाहीस. झोपताना पुन्हा. सकाळी पुन्हा. जीभ सारखी तिकडे जात होती. तिला आवरणं हे त्या दुखण्यातलं सगळ्यात अवघड काम. जिभेला तू सुपारीएवढा लागत होतास.

पुन्हा फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, नुसता कण अडकला म्हणून जखम लगेच बिघडत नाही, मिठाचं पाणी चालू ठेवा. ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, पू आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर मात्र त्याच दिवशी या. नाहीच निघाला कण, तर बिनसुईच्या, वाकड्या तोंडाच्या सिरिंजनं खड्डा कसा धुवायचा ते दाखवीन. पण मी सांगितल्यावर, मनानं नाही.

सिरिंज लागली नाही. सहाव्या दिवशी जेवणानंतर, विजयपूरकडची गाडी होटगी जंक्शनातून निघाल्याचा भोंगा ऐकू येत होता, तेव्हा तू पाण्याबरोबर बेसिनमध्ये पडलास. चष्मा लावून पाहिलं. जेमतेम दोन तिळांएवढा होतास. आव्वाला दाखवलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतंस?"

चटणीची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवली आहे. तुझे भाऊबंद तिथं आहेत. त्यांना सांग, शनिवारी डॉक्टर बघणार आहेत, तोवर दम धरा.

तुझा,
उजव्या बाजूनं जेवणारा