चहा न पिणारी अक्का

आमच्या हॉस्टेलवर रेक्टर सर अचानक रूम तपासायला येतात तेव्हा काय धावपळ उडते ते सांगायला नकोच. इस्त्री गादीखाली, पाणी तापवायची कॉइल बॅगेत, आणि आदल्या रात्रीच्या मॅगीचं पातेलं... जाऊ द्या, सरही हा अंक वाचतात. पण अशा प्रत्येक वेळी मला एक अमेरिकन म्हातारा-म्हातारी आठवतात. मी त्यांना प्रत्यक्ष कधीच भेटलो नाही. चार-पाच वेळा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, बाकी सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं. परदेशात जाऊन पोरांच्या खोल्या तपासायच्या हे त्यांचंही एक काम होतं. फरक एवढाच की खोली तपासायला जाताना त्यांच्या हातात घरी भाजलेल्या बिस्किटांचा डबा असायचा. (रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी.)

झालं असं, की २०१९ च्या एप्रिलमध्ये आमचे आजी-आजोबा करमाळ्याहून अमेरिकेला गेले. काका सॉल्ट लेक सिटीजवळ नोकरीला. काकूचं बाळंतपण होतं. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आजीचं जग म्हणजे घर, शेत आणि नवरात्रात कमलाभवानीचं देऊळ. सहा महिन्यांसाठी निघाली तर बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि डिंकाचे लाडू. कपडे कुठे ठेवले होते देव जाणे.

काकाच्या शेजारी हे जोडपं राहायचं. दोघंही सत्तरीला टेकलेले. तो भाग मॉर्मन लोकांचा, हेही मॉर्मन. त्यांच्यात अठरा वर्षांची पोरं दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला बाहेर पडतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि कायम जोडीजोडीनं. पोरगं अठराचं असलं तरी त्याला म्हणायचं ‘एल्डर’, म्हणजे थोरले! पण निवृत्त नवरा-बायकोही असे जातात हे आजोबांना तिथेच कळलं. हे दोघं आधी दीड वर्ष फिलिपीन्समध्ये राहून आले होते. पगार नाही. खर्च स्वतःच्या पेन्शनमधून. जायच्या आधी साधारण आठवडाभराचं प्रशिक्षण, की निघाले.

काकानं आधीच बजावून ठेवलं होतं, “आबा, जपून. ते धर्माचं बोलतील.” दुसऱ्याच्या देशात जाऊन आपला धर्म सांगत फिरायचं, हे मलाही आजतागायत पटलेलं नाही. पण त्या दोघांचा तिथला दिवस ऐकला तर त्यात प्रचार थोडा आणि हमालीच जास्त. म्हातारे पूर्वी नळ-पाइपांचं काम करायचे. तिकडे दारोदार फिरायचं काम तरण्या पोरांचं. हे दोघं सकाळी गाडी काढून पोरांच्या खोल्यांवर जायचे. ते नळ दुरुस्त करायचे, गॅस बघायचे. ती फ्रीज उघडून आत काय काय कुजलंय ते काढायची. एखादं पोर तापानं फणफणलेलं असलं तर त्याला दवाखान्यात न्यायचं, घरच्या आठवणीनं रडत असलं तर शेजारी बसायचं. दुपारी ऑफिसात पत्रं, पावत्या, भाड्याचे हिशेब. संध्याकाळी ती प्रार्थनाघरात लहान मुलांना पियानो शिकवायची. सोमवारी धुणं आणि बाजारहाट. म्हणजे थोडक्यात, सत्तराव्या वर्षी हॉस्टेल चालवायला गेले होते.

हे सगळं आजोबांनी आजीला मराठीत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “स्वतःची नातवंडं सोडून दुसऱ्याच्या पोरांचं फ्रीज धुवायला गेली? काय बाई!”

पहिली भेट तर फसलीच होती. ती बाई नवीन बाळासाठी हातानं शिवलेली गोधडी घेऊन आली. आजीनं आलं-वेलची घालून फक्कड चहा ठेवला. बाईनं हसून हात जोडले. घेतला नाही. आजीला वाटलं, आपल्या हातचं नको असेल. करमाळ्यात कुणी चहा नाकारला की आजी पुढची चार वर्षं ते विसरत नाही. मग काकानं उलगडा केला, मॉर्मन लोक चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच घेत नाहीत. तंबाखूचं ऐकून आजीनं आजोबांकडे जे पाहिलं, ते व्हिडिओ कॉलवर आम्हीसुद्धा पाहिलं! दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळं पातेलं. आलं, गवती चहा, साखर, दूध, पण पावडर नाही. ते मात्र दोघंही मिटक्या मारत प्यायचे. तेव्हापासून ती बाई आजीची अक्का झाली.

अक्काचा उपासही आजीला फार आवडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते लोक दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. आजी म्हणे, “आपली एकादशी न् दुप्पट खाशी.”

जुलैमध्ये करमाळ्यात आजीची थोरली बहीण गेली. माझी आई-बाबा रात्रभर फोनवर. बाळ दोन महिन्यांचं, काकू पुन्हा नोकरीवर, आजीला येता आलं नाही. तेरा हजार किलोमीटरवर बसून ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. काका ऑफिसला गेला, आजोबांना काय बोलावं सुचेना. अक्का आली. भाषा नाही. तिनं मशीनमधनं बाळाचे कपडे काढले आणि आजीच्या शेजारी बसून एकेक घडी घालायला लागली. थोड्या वेळानं आजीही घड्या घालायला लागली. मग अक्कानं आजोबांना मधे घालून सांगितलं, की ती फिलिपीन्समध्ये असताना तिची आई वारली. तीही गेली नव्हती. त्या दिवशीही तिनं पोरांच्या खोल्या तपासल्या होत्या.

मग तिनं विचारलं, बहिणीचं नाव काय?

मॉर्मन लोकांना पूर्वजांची नावं जमवायचा मोठा नाद. सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून १९६० च्या दशकात त्यांनी एक कोठार बांधलंय, त्यात जगभरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या फिल्म्स आहेत. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा त्यांनी फिल्म काढलेली आहे. अक्का आठवड्यातून एक दिवस त्यांच्या वंशावळीच्या ग्रंथालयात काम करायची. तिनं कागद काढला. आजोबांनी आपल्याकडची सहा पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली. सगळी पुरुषांची. उजनीच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं, घर गेलं, पण ही नावं पाठ होती. आजीची पाळी आली तेव्हा तिला आईचं नाव आठवलं, आजीचं नाही. “तिला सगळी बाईच म्हणायची.” आणि मग अक्कानं विचारलं, तुझं लग्नाआधीचं नाव? आजोबा सांगतात, ती लाजली. पन्नास वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हा नातवंडांना तर तिला दुसरं नाव होतं हेही माहीत नव्हतं.

आजोबा मात्र मास्तर. त्यांनी सरळ विचारलं, या नावांचं तुम्ही काय करता? अक्कानंही काही लपवलं नाही. मेलेल्या पूर्वजांच्या वतीनं ते बाप्तिस्मा घेतात, तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यानं ठरवायचं, अशी त्यांची श्रद्धा. पण नावं ज्यानं त्यानं आपल्याच घराण्याची द्यायची, असा त्यांचा नियम. “हा कागद तुमचा आहे,” म्हणून तिनं तो आजीच्या हातात ठेवला. आजोबांनी तो घडी करून हरिपाठाच्या पुस्तकात घातला.

सप्टेंबरमध्ये ते दोघं पुन्हा निघाले, या खेपेला घानाला. घर भाड्यानं दिलं, गाडी विकली. निघताना आजीनं उरलेले डिंकाचे लाडू दिले. पुढे २०२० च्या मार्चमध्ये करोना आला आणि त्यांच्या संस्थेनं परदेशातल्या साठीपुढच्या मंडळींना परत बोलावलं, तेव्हा तेही घरी आले. काकाकडून निरोप आला, अक्का विचारते, ते पावडर नसलेल्या चहाचं प्रमाण काय?

आजीनं फोनवरून प्रमाण सांगितलं. चमच्यात नाही, मुठीत.

२०२१ च्या मे महिन्यात आजी गेली. दवाखान्यात आत कुणालाच सोडत नव्हते. अस्थी घेऊन बाबा, आजोबा आणि मी नाशिकला रामकुंडावर गेलो. उपाध्यायांनी वही उघडली, आमच्या घराण्याचं पान काढलं, नाव विचारलं. बाबांनी आजीचं नाव सांगितलं. आजोबा म्हणाले, “थांबा, अजून एक आहे.” आणि त्यांनी पिशवीतनं हरिपाठाचं पुस्तक काढून तो कागद उलगडला.

ते नाव इथे छापायला आजोबांनी नको म्हटलंय. वहीत आहे.